आजोबांचा पाळलेला पोपट कोणाकडे द्यावा? (पुणे) मदत हवी आहे

ऋतुजा_वाई

नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे आजोबा (आईचे वडील) दीड महिन्यापूर्वी गेले. वाईजवळ गावाला एकटेच राहायचे, आजी जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्याकडे एक पोपट आहे, मिठू. नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या मुलांनी आंब्याच्या ढोलीतून पिल्लं काढली होती त्यातलं एक आजोबांनी त्यांच्याकडून घेतलं, पंखसुद्धा फुटले नव्हते तेव्हा, कापसाच्या बोळ्याने भरवून जगवलं. तेव्हापासून तो ओसरीवरच. पिंजऱ्याचं दार दिवसभर उघडं असायचं, आजोबांच्या खांद्यावर बसून पेपर वाचायला, मग देवपूजेला, सगळीकडे सोबत.

आता गावचं घर बंद केलंय आणि मिठूला आम्ही पुण्याला आणलंय. आमचा टू बीएचके, मी आणि नवरा दोघंही सकाळी आठला बाहेर पडतो ते रात्री आठला घरी, आई माझ्याकडेच आहे पण तिचा गुडघ्याचा त्रास आहे आणि घरात मांजर आहे (आधीपासून). म्हणजे मिठू पूर्ण दिवस बाल्कनीत पिंजऱ्यात, दार बंद. गावाला असा कधीच राहिला नाही तो. संध्याकाळी आमच्या सोसायटीवरून पोपटांचे थवे जातात तेव्हा मान तिरकी करून बघत बसतो आणि मग खूप ओरडतो, खालच्या मजल्यावरच्यांनी दोनदा तक्रार केलीय. गेल्या आठवड्यापासून छातीवरची पिसं उपटायला लागलाय, तिथे आता कातडी दिसते.

आणि संध्याकाळी पाच वाजले की आजोबांच्या आवाजात "चहा झाला का गं" विचारतो. आजी गेल्यावरही आजोबा सवयीने विचारायचे तेच. आई उठून आतल्या खोलीत जाते.

तर विचारायचं हे की पुण्यात कोणी प्रेमळ कुटुंब माहीत आहे का, शक्यतो घरी दिवसभर माणूस असेल, मांजर कुत्रा नसेल, लहान मुलं त्रास देणारी नसतील. पैसे नकोत, उलट पिंजरा आणि खाणं आम्ही देऊ. एकच अट, अधूनमधून आईला भेटू द्यावं. आणि नवीन घराची सवय व्हायला पोपटाला किती दिवस लागतात?

---

मंदार_कर्वेनगर

ऋतुजा, वाचून वाईट वाटलं, आजोबांना श्रद्धांजली.
माझी मावशी कोथरूडला असते, तिच्याकडे ऑलरेडी दोन पोपट आहेत, स्वतंत्र खोली दिलीय त्यांना, खूप जीव लावते. मी आजच विचारतो. बहुतेक हो म्हणेल.

---

सह्याद्री_भटका

माझं मत विचाराल तर कोणालाच देऊ नका, सरळ मोकळा सोडा. पक्ष्याची जागा आभाळात. गावाकडे नेऊन त्याच आंब्यावर सोडा, आपल्या लोकांत जाईल तो. आजोबांच्या आत्म्यालाही शांती मिळेल.

---

माधवी_मिरज

@सह्याद्री_भटका, दादा तुमची भावना कळते, पण कृपा करून असं कोणी करू नका. मी केलंय म्हणून सांगते.

आमच्याकडेही असाच होता, राजा नाव. सासऱ्यांनी आणलेला, सात वर्षं घरात. माझा मुलगा चौथीत असताना शाळेतून शिकून आला की पक्ष्यांना कोंडू नये, आणि आम्हाला सगळ्यांनाच ते पटलं. रविवारी सकाळी मळ्यात नेला, शेवग्याच्या झाडाखाली पिंजरा ठेवून दार उघडलं, टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. तो बाहेर आला, थोडा उडाला, खालच्याच फांदीवर बसला. आम्हाला वाटलं झालं, आता थव्यात जाईल. पोपटांचा थवा समोरच्या वडावर होता पण हा तिकडे बघेचना, आमच्याकडेच बघून शिट्टी घालत होता. आम्ही मनावर दगड ठेवून निघालो. दुसऱ्या दिवशी गड्याचा फोन आला की तुमचा पोपट विहिरीवर आलेल्या बायकांच्या डोक्यावर बसायला बघतोय आणि कावळे त्याच्या मागे लागलेत. आम्ही पोचेपर्यंत कावळ्यांनी टोचून मारला होता.

मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे, अजून तो विषय निघाला की गप्प होतो.

नंतर एका पक्षीतज्ज्ञांनी समजावलं तेव्हा कळलं, सात वर्षं वाटीतलं खाल्लेल्या पक्ष्याला उंबर कुठे पिकलाय ते माहीत नसतं, घार कशी ओळखायची माहीत नसतं, मांजरीला घाबरायचं माहीत नसतं, पंखांत ताकद नसते कारण छातीचे स्नायू वापरलेच गेलेले नसतात. आणि माणूस दिसला की तो माणसाकडेच जाणार, कारण त्याच्या दृष्टीने तीच त्याची जात. ऋतुजाताई, पिल्लापासून हातावर वाढवलेला तुमचा मिठू तर आमच्या राजापेक्षा जास्त माणसाळलेला असणार.

---

सह्याद्री_भटका

माधवीताई, हे माहीत नव्हतं. मनापासून सॉरी. माझा प्रतिसाद बाद समजा.

---

पक्षीवेडा_नगर

ऋतुजाताई, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, रागावू नका. तुम्ही विचारताय तसं "चांगलं कुटुंब" शोधून देणं कायद्याने चालत नाही. आपला हिरवा पोपट म्हणजे कीर, तो वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर (१ एप्रिल २०२३ पासून लागू) तो अनुसूची २ मध्ये आहे. विकत घेतलेला असो, कोणी दिलेला असो की झाडाखाली सापडलेला, घरात ठेवता येत नाही आणि दुसऱ्याला देताही येत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. देशी पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर तर १९९०-९१ पासून बंदी आहे. पहाडी पोपटालाही (मोठा असतो, खांद्यावर लाल पट्टा) हेच लागू.

मंदार, तुमच्या मावशी प्रेमाने सांभाळत असतील यात शंका नाही, पण त्यांनाही हे सांगून ठेवा आणि इथे पब्लिक धाग्यावर "दोन पोपट आहेत" असं लिहू नका, तिसऱ्याची तर भरच नको.

लोक म्हणतात गावागावात घराघरात पोपट आहे, कोण विचारतंय. खरंय. पण कायदा का केला ते एकदा बघा. पोपट झाडाच्या ढोलीत घरटं करतो, साधारण डिसेंबर ते मे त्यांचा विणीचा काळ, तेव्हाच पिल्लं काढणारे फिरतात. काही वेळा पिल्लासाठी फांदीच तोडतात म्हणजे ती ढोली पुढच्या वर्षीही गेली. पिशवीत, टोपलीत कोंबून नेताना बरीच मरतात. तुमच्या आजोबांनी एक वाचवलं, बाकीच्यांचं काय झालं तुम्हाला माहीत नसेल. म्हणून एका घरातून दुसऱ्या घरात देण्याची साखळी मला अगदी पटत नाही, कितीही चांगलं घर असलं तरी. शेजाऱ्यांची पोरं बघतात, त्यांना हवा होतो, पुढच्या सीझनला कोणीतरी आणून देतं.

आता उपाय. वनविभागाचा टोल फ्री नंबर आहे १९२६, हॅलो फॉरेस्ट म्हणतात, त्यावर फोन करा. सांगा की वारलेल्या आजोबांचा पोपट आहे आणि स्वेच्छेने जमा करायचाय. पुण्यात बावधनला वनविभागाचं वन्यप्राणी उपचार केंद्र आहे, रेस्क्यू नावाची संस्था ते चालवते, तिथे पक्ष्यांचे डॉक्टर आणि उडण्याची प्रॅक्टिस देणारे मोठे पिंजरे आहेत. नागपूरकर कोणी वाचत असतील तर सेमिनरी हिल्सला असंच ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. स्वतः पिंजरा उचलून निघू नका, आधी फोन, ते सांगतील तसं, कारण विनापरवाना वाहतूकही गुन्ह्यात धरतात.

---

ऋतुजा_वाई

माधवीताई, तुमचं वाचून रडले. थँक्यू लिहिल्याबद्दल.

पक्षीवेडा, खरं सांगू का, तुमचा प्रतिसाद वाचून पहिल्यांदा खूप राग आला. आजोबांनी गुन्हा केला असं कोणी म्हटलेलं आईला सहन होणार नाही, तिला मी दाखवलंच नाही. त्यांनी स्वतः अर्धी भाकरी खाऊन त्याला पेरू आणलेत बाजारातून. पण दोन दिवस विचार केला आणि तुम्ही ढोलीतल्या बाकीच्या पिल्लांचं लिहिलंत ते डोक्यातून जाईना. मी विचारलं गावी फोन करून. तीन पिल्लं होती. दोन त्याच आठवड्यात मेली.

माझ्या भीती सांगते. एक म्हणजे आमच्यावर केस होईल का, नवरा सरकारी नोकरीत आहे. दुसरं, सरकारी म्हटल्यावर कुठल्यातरी कोपऱ्यात टाकून देतील आणि मरेल. तिसरं, तो माणसांशिवाय राहिलाच नाहीये, त्याला दुसरे पोपट माहीतच नाहीत, तिथे त्याला एकटं वाटणार नाही का?

---

डॉ_शलाका_पशुवैद्य

ऋतुजा, मी लहान प्राणी आणि पक्षी बघते (मुंबईत). तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगू शकते.

पोपट हा थव्यात राहणारा प्राणी आहे, एकटं राहणं त्याच्या रक्तातच नाही. आजोबा हाच त्याचा थवा होता. तो थवा गेला आणि त्यात दिवसभर बंद पिंजरा, म्हणून पिसं उपटतोय, म्हणजे दुसरं माणसांचं घर शोधलं आणि तिथेही लोक कामावर गेले की परत तेच. हा पक्षी कैदेत पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो, तुमचा नऊ वर्षांचा आहे. आज साठीच्या कोणा आजी-आजोबांकडे दिला तर पंधरा वर्षांनी कोणीतरी हाच धागा परत काढेल. दुसऱ्या पोपटांची सवय मात्र होते, वेळ लागतो, काहींना आठवडे काहींना महिने, पण आवाज ऐकून, बाजूच्या पिंजऱ्यातून बघून हळूहळू होते. तो थव्याकडे बघून ओरडतो म्हणालात ना, ते मला चांगलं लक्षण वाटतं.

आता एक विचारू? त्याच्या गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ आहे का?

आणि देईपर्यंतचं बघा. मांजर आणि पोपट एका खोलीत एक मिनिटही नको, नुसतं नख लागलं तरी मांजरीच्या लाळेतले जंतू पक्ष्याला एक-दोन दिवसात मारू शकतात, जखम दिसणारही नाही. तसं झालं तर ताबडतोब डॉक्टर. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका, नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरतात. गोल, गॅल्व्हनाइज्ड तारेचा पिंजरा असेल तर तार कुरतडतोय का बघा, त्यातलं जस्त विषारी असतं. आत प्लास्टिकच्या दांडीऐवजी पेरूची फांदी लावा, सालीसकट, सोलत बसेल आणि छातीवरची चोच तिकडे वळेल. खायला काय देताय?

---

ऋतुजा_वाई

डॉक्टर, कंठ नाहीये. आजोबा म्हणायचे अजून लहान आहे, येईल.

खाणं: भिजवलेली चणाडाळ, शेंगदाणे, हिरवी मिरची, सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट (हे आजोबांनी लावलेलं, नाही दिलं तर भांडं आपटतो).

---

डॉ_शलाका_पशुवैद्य

मग मिठू मादी आहे 🙂 नराला साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत कंठ येतो. नवव्या वर्षी नाही म्हणजे येणार नाही. केंद्रात फोन कराल तेव्हा हे नक्की सांगा, जोडी-गट ठरवताना उपयोग होतो.

चहा-बिस्कीट आजपासून बंद, भांडं आपटू दे. चहा, चॉकलेट, खारट, अ‍ॅव्होकॅडो अजिबात नाही. शेंगदाणे दिवसाला दोन-तीन दाणे बस, चरबीने लिव्हर जातं. नुसत्या डाळ-दाण्यांवर राहिलेल्या पोपटांत मला कायम व्हिटॅमिन ए ची कमतरता दिसते, त्यामुळे गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा कोवळा पाला, पेरू, डाळिंब, मक्याचं कोवळं कणीस, मोड आलेले मूग. मिरची खुशाल द्या, पक्ष्यांना तिखट लागतच नाही. एकदम सगळं बदलू नका, नाहीतर खाणंच सोडेल, जुन्यात थोडं थोडं मिसळा. बाजारातल्या सुट्या फळापेक्षा पानं-फळांसकट फांदी मिळाली तर बेस्ट, कारण पुढे जाऊन तिला फांदीवरचंच शोधून खायचंय.

पिंजरा साफ करताना मास्क लावा आणि आधी ओलं करा, सुकी विष्ठा झाडू नका. आईला ताप-खोकला आला तर डॉक्टरांना घरात पोपट आहे हे सांगायला विसरू नका, पोपटांकडून माणसाला होणारा एक फुप्फुसाचा आजार असतो. घाबरण्यासाठी नाही, माहीत असावं म्हणून.

मुंबई-ठाण्याचं कोणी वाचत असेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल पक्षीही बघतं.

---

कोल्हापुरी_काकी

केसचं मी सांगते. आमच्या जाऊबाईंनी दोन वर्षांपूर्वी असाच जमा केला. फोन केला, दोन दिवसांनी वनरक्षक आले, भला पोरगा होता, कागदावर सगळं लिहून घेतलं, कुठून आला, किती वर्षं, कोणाची सही, आणि पक्षी घेऊन गेले. केस वगैरे काही नाही, उलट बरं केलंत म्हणाले. सगळीकडे असंच होईल असं मी छातीठोक सांगू शकत नाही बाळा, पण लपवून ठेवून कोणीतरी तक्रार केल्यावर सापडणं आणि आपणहून देणं यात फरक आहेच. खालच्या मजल्यावरचे दोनदा बोललेत ना, मग लवकर कर. लेखी पोच मागून घे. मनात धाकधूक असेल तर आधी जिल्ह्याच्या मानद वन्यजीव रक्षकांशी बोल, ते मध्ये पडून रीतसर करून देतात.

---

मंदार_कर्वेनगर

मावशीला विचारलं, आणि हा धागा वाचूनही दाखवला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली तिसरा नको. तिच्या दोघांचं पुढे काय करायचं ते आम्ही घरी बोलतोय. पक्षीवेडा, तुम्हाला मेसेज केलाय.

एक शंका, मावशीला पक्ष्यांशिवाय करमणार नाही, ते छोटे रंगीत लव्हबर्ड ठेवलेले चालतात का?

---

पक्षीवेडा_नगर

मेसेज बघितला, रात्री फोन करतो.

आपल्याकडे ज्यांना लव्हबर्ड म्हणतात ते बहुतेक वेळा बजरीगर असतात, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. बजरीगर आणि कॉकटील ठेवायला आत्ता परवान्याची भानगड नाही. मकाव, आफ्रिकन ग्रे वगैरे बऱ्याच परदेशी पोपटांची मात्र केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर (वेबसाइट आहे) नोंदणी लागते, २०२४ च्या नियमांनुसार. पण दुकानातून नवीन आणण्याआधी बघा, ज्यांना सांभाळणं झेपत नाही असे कितीतरी लोक असतात, त्यांच्याकडून जोडी घ्या. त्यांच्यासाठी "चांगलं घर पाहिजे" असा धागा काढता येतो, तो मी स्वतः वर आणीन.

ऋतुजाताई, दुसरी भीती राहिली. कोपऱ्यात टाकणं वगैरे नसतं चांगल्या केंद्रात. आधी वेगळं ठेवून तपासणी, आजार नाही ना बघतात. पंख कापलेले असतील तर पिसं झडून नवी येईपर्यंत थांबावं लागतं, त्याला काही महिने जातात. मग इतर पोपटांच्या गटात, लांब पिंजऱ्यात उडायला, फांद्यांवरचं खायला. माणसांशी बोलणं कमी कमी करत नेतात. तयार झाले तर गटाने सोडतात, एकेकटे नाही. नाहीच तयार झाली तर सोडत नाहीत, इतर पोपटांसोबत तिथेच राहते. मिठू इतकी माणसाळलेली आहे की दुसरीच शक्यता मला जास्त वाटते. खोटी आशा लावत नाही.

आणि आईंना भेटता येईल का, तर बहुधा नाही. ओळखीचा आवाज ऐकला की मागचे सगळे आठवडे वाया जातात. हे आधीच सांगून ठेवा त्यांना.

---

ऋतुजा_वाई

अपडेट देतेय, साडेतीन आठवड्यांनी. उशीर झाला.

आईला सगळं सांगितलं. भेटता येणार नाही हेही. ती दोन दिवस काही बोलली नाही, मग तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली की मिठू (आता काय म्हणायचं, मिठी?) पिसं काढून घेते ते बघवत नाही, कर फोन. १९२६ वर लागला फोन, दुसऱ्याच दिवशी माणसं आली. कागदावर लिहून घेतलं, मी आणि आईने सही केली, पोच दिली. काकी म्हणाल्या तसंच झालं, कोणी वाकडं बोललं नाही. आईने विचारलं आमच्या वडिलांचं नाव गुन्हेगार म्हणून लागणार का, त्यांच्यातले वयस्कर होते ते म्हणाले "नाही हो आजी, जीव वाचवलाय त्यांनी".

जायच्या आदल्या दिवशी मी आजोबांच्या आवाजातलं "चहा झाला का गं" मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलंय. आईला अजून ऐकवलं नाही.

काल फोन केला होता. वेगळं ठेवण्याचे दिवस संपलेत, आता सहा पोपटांच्या बाजूच्या पिंजऱ्यात आहे. पहिले दिवस जाळीला चिकटून माणसांची वाट बघायची, आता मक्याच्या कणसासाठी फांदीवर वरपर्यंत चढते म्हणाल्या तिथल्या मॅडम. छातीवर बारीक पिसं यायला लागलीत. उडण्याचं अजून काही नाही, उजवा पंख कमजोर आहे, सोडता येईल की नाही आत्ता सांगता येणार नाही.

शलाका डॉक्टर, बिस्किटाचं मी सांगितलं तिथे, त्या हसल्या, म्हणाल्या अजून भांडं आपटते.

एक शेवटचं विचारायचं राहिलं. पिंजरा रिकामा पडलाय बाल्कनीत, वॉचमनकाका मागतायत, चांगला पितळी कड्यांचा आहे, आजोबांनी वाईच्या बाजारातून घेतलेला. द्यावा का?

---

माधवी_मिरज

देऊ नकोस ग. रिकामा पिंजरा घरात आला की कोणीतरी त्यात पक्षी आणून घालतं. आम्ही राजाचा पिंजरा शेजाऱ्यांना दिला होता, पुढच्या उन्हाळ्यात त्यात पिल्लू होतं. कडी तेवढी आईंसाठी काढून घे आणि तारा कापून भंगारात दे.